मोठीबाई बुटक्याच्या बाजूने

२० जानेवारी २०२५

रात्रभर झोपले नाही. बाळ रडलं म्हणून नाही. बाळ तर गुपचूप झोपलेलं. मीच तिच्याकडे बघत बसले. सासूबाईने काल चुलीपाशी सांगून टाकलं — पौष संपला की माघातल्या पहिल्या रविवारी पोरीला मोठीबाईच्या ओटीत टाकू. भाकरी थापता थापता बोलली. जसं वासरू एका दावणीवरून सोडून दुसऱ्या दावणीला बांधायचं.

मोठीबाई म्हणजे माझी जेठाणी, मोठी जाऊ. निर्मलाबाई तिचं नाव, पण या घरात कोणी घेत नाही. मी शाळेत जात होते तेव्हा तिचं लग्न झालं. मूल झालं नाही.

आणि शब्द मीच दिलेला. श्रावणात कानबाई देवी बसली होती घरात. आधीची माझी दोन पोटातच गेलेली. हे तिसरं. त्याच दिवशी मला थोडं लाल दिसलं आणि मी घाबरून गेले. सगळ्या बाया बसलेल्या, गाणी चाललेली, मी कानबाईसमोर डोकं टेकवलं आणि मोठ्याने बोलून गेले — हे जगलं तर मोठीबाईच्या ओटीत टाकीन. गाणं थांबलं. सगळ्यांनी ऐकलं.

जगलं. पोरगी झाली. गोरी नाही, काळी नाही, माझ्या आईच्या रंगाची.

आता दिली तर माझी जाते. नाही दिली तर देवी कोपते. सासूबाई बोलली, "कानबाईना शबद शे. फिरवशी तं पोरना जीववर येई."

मी काय करू.

२१ जानेवारी

हेमकांतचा फोन आला सुरतहून. माझा नवरा. मी रडले. तो बोलला, "मी काय सांगू? माय म्हनी तसं कर." मग बोलला, कंपनीत ओव्हरटाइम आहे. मग ठेवला.

२२ जानेवारी

आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सगळं मोठीबाई करते. शेगडीत ओवा टाकून शेक देते, मला डिंक खाऊ घालते, बाळाला पायावर घेऊन तेल लावते. तिच्या पायावर बाळ रडत नाही. माझ्या हातात रडतं. हे मला आवडत नाही आणि मला तिचा रागही येत नाही.

ती मालिश करते तेव्हा मी तिला पुस्तक वाचून दाखवते. आमचं हे आधीपासूनचं आहे. माझा भाऊ भिला विसरवाडी फाट्यावर टायर-पंक्चरचं काम करतो. शेजारी भंगारवाला. त्याच्या रद्दीत जाड जाड कादंबऱ्या येतात, भिला माझ्यासाठी काढून ठेवतो आणि एसटीच्या कंडक्टरसोबत पाठवतो. मला सगळ्यात आवडतात त्या जुन्या काळच्या — किल्ला, सरदार, राणी, प्रेम. एकच बाई लिहिते त्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर असतं, जुन्या परीकथेवरून. एकीत राखेत बसणारी पोर असते, तिचं जोडवं वाड्याच्या पायरीवर पडतं, आणि सरदाराचा मुलगा गावोगाव पायाची बोटं बघत फिरतो. मोठीबाईला ती फार आवडली. बोलली, "मन्ही बोटे दखी आसती तं आंधारमाच पयी जाता."

मोठीबाईला वाचता येत नाही. मी आठवी. अडकत वाचते, पण वाचते.

२३ जानेवारी

नवीन पुस्तक सुरू केलं. कव्हर नाही, फाटलेलं. रेवा नावाची साळ्याची पोर. बाप दारू पिऊन सरदारापुढे फुशारकी मारतो — माझी लेक पऱ्हाटीच्या काड्यांपासून सोन्याची जर काढते. सरदार तिला किल्ल्यातल्या कोठारात कोंडतो. काड्यांचा ढीग, एक चरखा. सकाळपर्यंत सोनं कर, नाहीतर मुंडकं.

मोठीबाईने विचारलं, "सरदारले मिशा शेत का?"

"लिहिलेलं नाही."

"मंग कसाना सरदार."

रात्री एक बुटका येतो. गळ्यातली माळ घेतो आणि सगळं सोनं कातून देतो. दुसऱ्या रात्री अंगठी घेतो. आणि दिवसा रेवा खिडकीतून सरदाराला घोड्यावर बघते आणि तिच्या काळजात कळ येते. मी बोलले, हे काय प्रेम, मुंडकं उडवतो बोलणाऱ्यावर?

मोठीबाई बाळाच्या पाठीवर तेल चोळत बोलली, "मन्हा लगनमा बी आसंच व्हतं. फक्त घोडा नही व्हता, टेम्पो व्हता."

लई हसलो. किती दिवसांनी.

२४ जानेवारी

मोठीबाई यायच्या आधी मी एकटीने पुढची पानं वाचून घेतली, अडकू नये म्हणून. तिसरी रात्र. रेवाजवळ द्यायला काही उरलं नाही. बुटका बोलतो, राणी झालीस की तुझं पहिलं बाळ मला दे. आणि ती हो बोलते!

पुस्तक मिटलं. उशीखाली ठेवलं. मग गोधडीखाली ठेवलं.

मोठीबाई आली, बाळाला घेतलं, पाय लांब केले. "वाच वं. बुटकानी तिसरी रातले काय मांगं?"

मी पुस्तक उघडलं. आणि बोलले, "घोडा."

"घोडा?"

"हो. सरदाराचा घोडा."

ती थांबली. तेलाचा हात तसाच वर. "घोडावर तो चढी कसा?"

"शिडी लावून," मी बोलले.

ती एवढी हसली की बाळ दचकलं. मग मी काहीही वाचत गेले. घोडा पळाला, बुटका पडला, राणीचं लग्न झालं. तिने बाळाला धुरी दिली, गुंडाळलं, माझ्या कुशीत ठेवलं. दारातून वळून बोलली, "रंजिता, तू एक बी पान उलटं नही."

२५ जानेवारी

आज ती पुस्तकाचं बोललीच नाही. मालिश केली. मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेली. हात झोंबतात म्हणून आज दुपारी बाळाला घेतलं नाही. मला बरं वाटलं, मग वाईट वाटलं.

२६ जानेवारी

शाळेतून झेंड्याची गाणी ऐकू येत होती. मोठीबाई आली, बसली, बाळाला पायावर घेतलं आणि बोलली, "आते खरं वाच."

वाचलं. पहिलं बाळ दे, तिथे आले आणि अडकले. तिचा हात बाळाच्या पोटावर होता, तो थांबला नाही. गोल गोल फिरत होता. मी पुढे वाचलं — रेवा राणी होते, सरदार तिच्यावर जीव टाकतो, मुलगी होते, आणि एक दिवस बुटका दारात उभा. राणी पाया पडते. सोनं घे, हत्ती घे, गाव घे. तो बोलतो, मला जितंजागतं काहीतरी पाहिजे.

मोठीबाई बोलली, "बराबर शे तेन्हं."

मी पुस्तकातून डोकं वर केलं.

"सोनं तं तो सवता बनाडस. सोनं लिसन काय करी तो? घरमा कोनी नही. मांगं तं काय चुकनं? आन राणीनी शबद दिधा व्हता का नही?"

"दिला होता," मी बोलले. "पण घाबरून दिला होता."

"शबद घाबरीसनच देतस," ती बोलली. "सुखमा कोन देस?"

पुढे माझ्याने वाचवेना. ती पण बोलली, राहू दे.

ही सगळ्या पुस्तकांत राणीच्या बाजूने असते. आज बुटक्याच्या बाजूने गेली.

२७ जानेवारी

शेवट वाचला. बुटका बोलतो, माझं नाव ओळख, मग बाळ सोडतो. राणीची दासी जंगलात त्याला गाताना ऐकते, त्याच्याच तोंडून नाव कळतं. राणी नाव सांगते. तो पाय आपटतो, जमिनीत रुततो, आणि स्वतःलाच ओढून मधोमध फाटतो.

"फाटी गया?"

"हो."

"नाव सांगं म्हनीसन?"

"हो."

तिने बाळाचे कान तेलाने चोळले. मग बोलली, "तेले जनमभर कोनी नावथीन हाक मारेल नसी. मारी, तवय तो खुश व्हयना व्हई. लिखनारीले समजनं नही." मग विचारलं, "बाकीनासनं काय व्हयनं?"

"बाकी सगळे सुखात राहिले."

"बाकीना तं राहतसच सुखमा."

बाळाला गुंडाळून दिलं, हात धुतले आणि गेली. मला वाटलं मागून हाक मारावी. निर्मलाबाई. जेठाणीला नावाने कोणी बोलावतं का? ओठांपर्यंत आलं आणि गिळलं.

२८ जानेवारी

मोठीबाई मालिशला आली नाही. सासूबाईने केली. बाळ किंचाळलं.

२९ जानेवारी

अमावस्या. रविवार जवळ आला.

भिलाला फोन लावला. सगळं सांगितलं, रडले. तो बोलला, "येऊ का गाडी लिसन? पोरले लय आन बस."

मी बोलले, नको. शब्द तिथेही मागे येईल. तिला ताप आला तरी मला वाटेल देवीने केलं. मी जन्मभर अशीच बसेन, तिच्या नाकापुढे बोट धरून.

तो मग हसायला लागला. मला राग आला. तो बोलला, "आरे मी तं सवता इकेल माल शे! माले काय व्हयनं?"

मग आठवलं मला. भिलाच्या आधीची आईची दोन गेलेली. म्हणून भिला झाला तेव्हा आईने त्याला सुपात ठेवून शेजारच्या सुसानामावशीला विकला. मावशी ख्रिस्ती, तिच्याकडे आमच्या देवांची नजर जात नाही बोलायचे. मावशीने मूठभर मीठ दिलं आणि पोरगा घेतला. मग आईने लगेच कोंडा देऊन परत विकत घेतला. म्हणून फाट्यावर अजून सगळे त्याला कोंड्या बोलतात. सुसानामावशी आत्ताही चिडवते — तुला परत दिला, कारण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. ओटीत टाकणं वेगळं, सुपातून विकणं वेगळं. पण दोन्ही एकत्र केलं तर?

३० जानेवारी

शेजारच्या रमिलाबाईला विचारलं. कानबाईची सगळी गाणी तिलाच येतात, गावात कोणाकडे कानबाई बसली की तिला बोलावतात. तंबाखू मळत बसली होती. मी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. सुपात घालून ओटीत टाकली आणि मग कोंडा देऊन परत मागितली, तर देवी रागावेल का?

तिने तंबाखू तोंडात टाकला. "ओटीमा टाकसू म्हनं व्हतं ना तू? मंग टाक. शबद पुरा व्हयना. मंग सूपनी रीत सुरू. जिन्ही ओटी तिन्ही मरजी. ती देई तं देई. नही देई तं तोंड उघाडू नको, मांगे फिरीसन दखू नको."

"आणि सासूबाई?"

"देवी मंग बोलत नही, तं सासू कथाईन बोली?"

म्हणजे सगळं मोठीबाईच्या हातात. दुसऱ्या कोणाच्या नाही. माझ्या पण नाही.

३१ जानेवारी

मोठीबाईला आधी सांगायला गेले. ती ओसरीवर कांद्याची पात निवडत होती. समोर बसले. मीही निवडायला लागले. जुडी संपली. न सांगताच उठून आले.

१ फेब्रुवारी

सूप धुऊन वाळवलं. कोंडा काढून ठेवला. सासूबाईने बघितलं, तिला वाटलं म्हशीसाठी.

बाळाला दूध पाजताना किती दिवस उरले ते मोजत नाही आता. पाजतेय नुसती.

२ फेब्रुवारी, रविवार

माझी आहे! माझी आहे. माझी आहे.

आज सगळं लिहिणार. विसरायचं नाही काही.

सकाळी बाया जमल्या. सासूबाईने नवीन पातळ नेसलेलं. मोठीबाईला पाटावर बसवलं, कपाळभर कुंकू, डोक्यावर पदर. ती कोणाकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी आतून बाळाला घेऊन आले. सुपात. खाली जोंधळे, वर फडकं, त्यावर पोरगी. झोपलेली.

सासूबाई बोलली, "सूप कसाले?"

मी सरळ गेले आणि सूप मोठीबाईच्या मांडीवर ठेवलं. बोलले, "कानबाईना शबद व्हता. मी तुन्ही ओटीमा टाकं. शबद पुरा व्हयना." मोठ्याने. श्रावणात बोलले होते तेवढ्याच मोठ्याने.

सगळ्या हळदीकुंकवाला उठायला लागल्या. मी उठले नाही. पदराखालून कोंड्याची पाटी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"आते हाऊ कोंडा लय. मन्ही पोर माले परत दे."

गोठ्यातली म्हैस ऐकू येत होती. मग सासूबाई फुटली. "हाई काय खेय शे का? इकत देल नही, दान देल शे!" एक बोलली, असं कुठे असतं का. दुसरी बोलली, असतं, माझ्या दिराचं केलं होतं. जेठ चुनीलालभाऊ, मोठीबाईचा नवरा, दारातून बोलले, बायांनो, काय ते लवकर मिटवा.

रमिलाबाई कोपऱ्यातून उठली. "सूपमा ठी दिधं म्हंजे इकेल शे. आते कोनी बोलानं नही. ओटीवाली बोली."

सगळ्यांनी मोठीबाईकडे बघितलं.

मी नाही बघितलं. मी खाली बघत होते. तिच्या पायाची बोटं दिसत होती, जोडवी घातलेली. मला वाटलं, मी काय केलं. लोकांसमोर हिची ओटी भरली आणि लोकांसमोरच मागितली. ही नाही बोलली तर हिचं बरोबर आहे. हिनेच तर सगळं केलं बाळाचं. मी नुसतं पुस्तक वाचलं.

किती वेळ गेला माहीत नाही. ती पाटीत हात घालते आहे असं दिसलं. कोंडा चिमटीत घेतला. चोळला. फुंकला.

"जाडा शे," ती बोलली.

कोणाला कळेना.

"कोंडा जाडा शे. चाळीसन आन. आसा माल मी लेस नही."

रमिलाबाई हसली आधी. मग एकेक करत सगळ्या हसल्या. मी उठले, पळाले, चाळणी सापडेना, चाळणी खुंटीवर समोरच होती! चाळायला लागले. खिडकीतून बघितलं. तिने बाळाला सुपातून काढून छातीशी धरलं होतं. डोळे मिटलेले. बाया आपसात बोलत होत्या, ती कुठेच नव्हती. तेव्हा मला कळलं कोंडा जाड का होता. मी हळू चाळला. दोनदा चाळला. खाली काही पडत नव्हतं तरी चाळत राहिले.

परत आले. तिने पाटी घेतली, बाजूला ठेवली. बाळाला माझ्याकडे दिलं. "लय. ओली व्हई गयी, बदल तिले."

माझ्या तोंडून निघालं, "निर्मलाबाई."

सगळ्यांनी ऐकलं. सासूबाईने डोळे मोठे केले. मोठीबाई पदर सारखा करत बोलली, "मी काय तो बुटका शे, नाव लिधं म्हनीसन फाटी जावाले?"

कोणाला समजलं नाही. मला समजलं.

३ फेब्रुवारी

झोपले. बाळही, मीही. उजाडलं तरी उठले नाही. मोठीबाईने उठवलं, तेलाची वाटी घेऊन. "दुसरी काढ. जिन्हामा कोनी फाटत नही."

झोपलेल्या राजकन्येची काढली. तापीकाठच्या किल्ल्यात ती वर्षानुवर्षं झोपलेली, भोवती बाभळीचं रान. सरदाराचा मुलगा काटे तोडून आत जातो आणि ती झोपेत असताना तिचा मुका घेतो. मोठीबाई बोलली, "झोपेल बाईना? हात मोडाले पाहिजे तेन्हा." मी बोलले, मुका हाताने घेत नाहीत. ती बोलली, हात आधी मोडाना, बाकीनं मंग दखसूत.

गावभर झालंय. विहिरीवर एक बोलली, फुलवंताबाईची धाकटी सून सून नाही, वकील आहे. फुलवंताबाई म्हणजे सासूबाई. मला लाज नाही वाटली. आठवीपर्यंतची मी. वकील!

४ फेब्रुवारी

बाळाला शिंक आली, थोडं नाक वाहतंय. कपाळाला चारदा हात लावून बघितला. मग स्वतःला बोलले, शब्द पुरा झालाय. नुसती थंडी आहे. आणि खरंच नुसती थंडी होती. दुपारपर्यंत बरी झाली. किती हलकं वाटलं.

५ फेब्रुवारी

सासूबाईने माझा मोबाइल घेतला. पुस्तकं आणि मोबाइलने डोकं फिरलं बोलते. पुस्तकं बंबात घातली. झोपलेलीची अर्धी राहिली होती. मोबाइल लोखंडी कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. मी काही बोलले नाही. पोरगी माझ्याजवळ आहे. बंबात घाला काय घालायचं ते. पुढचं मी मनाने सांगीन. मोठीबाईला बोलले तसं. ती बोलली, "तेमा घोडा नको टाकू."

७ फेब्रुवारी

आज सगळ्यांसमोर सासूबाईने सांगितलं. मोठीची ओटी भरली होती, ती तिने स्वतः रिकामी केली. आता चुनीलालसाठी दोंडाईचाकडची बाई बघितली आहे. नवऱ्याने सोडलेली, पण एक मुलगा आहे तिला, म्हणजे पोटाचा भरवसा आहे. होळीच्या आत आणायची. लग्न कागदावर नाही, नुसती आणायची.

चुनीलालभाऊ भाकरी खात होते. खातच राहिले.

मोठीबाईने ताक वाढलं सगळ्यांना. मग मागच्या मिरचीच्या कोठीत गेली. मी मागे गेले. ती पोती एका बाजूला लोटत होती. बोलली, खाट मावी आठे. नवी येईल तिला वरची खोली लागेल. माहेरी कोणी नाही, भाऊ गेला, वहिनी उंबऱ्यात उभी करत नाही. ठसक्याने डोळ्यांत पाणी आलं बोलली.

मला पोरगी दिली आणि ही मिरच्यांत झोपणार. आणि मी इतके दिवस उड्या मारत होते.

हेमकांतला सांगायला शेजारून फोन लावला. "दोन बायकासना मामलामा तू नको पडू," तो बोलला.

८ फेब्रुवारी

दिवसभर तोंड बंद ठेवलं. कपडे धुतले, वाळले, घड्या घातल्या. माझ्या. बाळाच्या. मोठीबाईच्या.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई सकाळीच दुसऱ्या गावी कोणाच्या लग्नाला गेली. आम्ही गाडी पकडून नंदुरबारला, तिथून विसरवाडीला जाणार. मोठीबाई उंबऱ्यात अडली होती. "मी तुन्हा भाऊनी कोन लागस?" मी बाळ तिच्या हातात दिलं आणि चपला घातल्या. ती मागे आली. दारात उभी आहे, एवढं लिहून निघते.

वही उघडी चुलीपाशी ठेवते. सासूबाईला वाचता येत नाही, ती कोणाला तरी वाचायला बोलावील. हेमकांतला यायचं असेल तर त्याने फाट्यावर यावं, दार उघडं आहे.

जो कोणी वाचत असशील, माझ्या भावाला, भिलाला, फोन लाव. नंबर दारामागे खडूने लिहिला आहे. त्याला बोल, विसरवाडीच्या स्टँडवर ये. बोल, तुझ्या दोन्ही बहिणी येत आहेत.